अकरा ऑक्टोबरचं पत्र

३ जून

ती. सौ. ताईस,

धाकटीचा सा. न. वि. वि. नमस्कार साष्टांगच आहे, फक्त खुर्चीत बसल्या बसल्या घातला आहे. तेवढा चालवून घे.

गेले पाच दिवस एक प्रश्न माझ्या टेबलावर पडून आहे आणि त्याचं उत्तर मला येत नाही. प्रश्न असा: माझ्या मुलाला हे करायलाच हवं का?

त्याचं असं झालं. आमच्या मुलांच्या इस्पितळात पोटाच्या विकारांच्या ज्या डॉक्टरबाई आहेत, त्यांच्या खोलीतून बाहेर पडलेले आईबाप थेट माझ्या नोंदणीच्या खिडकीशी येतात आणि विचारतात, बाई काय म्हणाल्या हो? बाई बोलतात भरभर, आणि हे घाबरलेले. निम्मं डोक्यावरून जातं. मी कागद बघून सावकाश सांगते. बाईंनी एकदा दारात उभं राहून ते ऐकलं आणि म्हणाल्या की हे तू लिहूनच काढ, आपण पत्रक छापू. विषय, लहान मुलांची कोलोनोस्कोपी. म्हणजे शीच्या जागेतून एक बारीक लवचीक नळी आत सरकवायची आणि मोठं आतडं आतून बघायचं. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन काय उजेड पाडला, असं तुझ्या सासूबाई विचारतात ना? त्यांना सांग, आता आतड्यात पाडते आहे.

दहा प्रश्न काढले. नऊ सुटले. दुखतं का? नाही, औषध देऊन मुलाला झोपवतात. किती वेळ? साधारण अर्धा-पाऊण तास. धोका? आतड्याला इजा होणं किंवा जास्त रक्त येणं क्वचित घडतं, पण घडू शकतं. हे अजिबात लपवायचं नाही असं मी बाईंना बजावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, लपवतंय कोण? पहिल्या प्रश्नापाशी मात्र गाडी अडली. बाई सांगतात, पोट दुखतं म्हणून येणाऱ्या बहुतेक मुलांना ही तपासणी लागतच नाही. नीट विचारपूस केली, पोट तपासलं, रक्ताच्या आणि शीच्या साध्या चाचण्या केल्या की भागतं. काहींना मात्र ती लागतेच, आणि तिथे उशीर चालत नाही. मग घरी बसलेल्या आईने हे ओळखायचं कसं?

सोबत कच्चा मसुदा पाठवते आहे. तू आई आहेस, आणि माझ्यापेक्षा शहाणी आहेस. जो शब्द अडेल त्यावर तुझ्या कापड आखायच्या खडूने खूण कर. फोनवर बोलायचं म्हटलं तर तुझ्याकडे सगळं घर कान देऊन उभं असतं, म्हणून पत्रच बरं.

आमची भिंगरी कशी आहे? अजून एका पायावर जिना उतरते का? सहा वर्षांची झाली, आता दोन्ही पायांचा उपयोग शिकव म्हणावं.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसा राहू दे. थोडा वाढवलास तर मी हरकत घेणार नाही.

तुझी,
धाकटी


१० जून

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन जास्तीचे, कारण अक्षर सुधारलं आहे.

तुझा मसुदा मशीनशेजारी ठेवून वाचला. शाळा उघडायच्या, गणवेशांचा ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेला, तरी वाचला. एकवीस खुणा झाल्या. ‘मलविसर्जन’ काय लिहितेस? शी लिही. आई शी म्हणते, आजी शी म्हणते, पत्र लिहिताना तूही शीच म्हणतेस, मग पत्रकात कुणाची लाज? ‘आंत्रमार्ग’ वाचून मला वाटलं एखादा नवा रस्ता झाला की काय. ह्यांनी मात्र एका वाचनात सगळं समजून घेतलं. नळ दुरुस्तीची कामं करणारा माणूस. म्हणाले, बाहेरून ठोकून पाइपातलं काय कळणार, आत दिवा घातलाच पाहिजे.

सातव्या ओळीपाशी मी मशीन थांबवलं.

तिथे तू लिहिलं आहेस की पोट न दुखता शीबरोबर ताजं लाल रक्त पडत असेल आणि ते पुन्हा पुन्हा होत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. धाकटे, भिंगरीला ते अजून आहे. मागच्या ऑक्टोबरात मी तुला कळवलं होतं. तू उत्तर लिहिलंस की शी कडक होत असेल, पाणी आणि फळं दे, घाबरू नकोस. मी तसंच केलं. रोज न चुकता केळं, पेरू, तांब्याभर पाणी. मध्ये आठवडा-आठवडा काही दिसत नाही, मला वाटतं बरं झालं, आणि मग परत दिसतं. शी कडक म्हणशील तर ती कधीच नव्हती. पण तुझी परीक्षा होती, मग नोकरी लागली. एकदा तू सांगितलं होतंस, मग पुन्हा काय विचारायचं?

एका पायाचं विचारलंस. हल्ली ती कठडा धरून उतरते. मधल्या पायरीवर बसते. विचारलं तर म्हणते, पाय कंटाळले. दर जूनला मी तिच्या गणवेशाची शिवण उसवून मोठी करते. यंदा उसवावी लागली नाही.

तुझ्या मसुद्यात असं लिहिलं आहे आणि त्या पत्रात तसं. दोन्ही तुझ्याच हातचं. मी कुठलं खरं धरू तेवढं लवकर कळव.

तुझी वाट बघणारी,
ताई


१३ जून

ती. ताईस,

सा. न.

मसुदा खरा धर. ते पत्र फाडून टाक. नाही, फाडू नकोस, येताना घेऊन ये. मला ते लिहिल्याचं आठवतसुद्धा नाही, आणि मला ते वाचायलाच हवं.

तुझं पत्र तसंच हातात धरून मी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चार प्रश्न विचारले, त्यांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं तुझ्या पत्रातच होती. घाबरवायचं नाही म्हणून जेवढं त्या म्हणाल्या तेवढंच लिहिते. या वयात न दुखता असं रक्त पडतं तेव्हा बरेचदा आतड्याच्या आतल्या बाजूला एक छोटी गाठ असते, देठावर वाढलेली, बहुतेक वेळा निरुपद्रवी. कधी कधी दुसरं काही असतं. बघितल्याशिवाय सांगता येत नाही. वीस तारखेला त्या भिंगरीला आधी स्वतः तपासतील, रक्त बघतील आणि मग ठरवतील. ठरलं तर तयारीसाठी एक दिवस जाईल, म्हणून चार दिवसांचे कपडे आण. माझ्या खोलीवर उतरा. मधल्या काळात जास्त रक्त गेलं किंवा तिला घेरी आली, तर माझी किंवा कुणाचीच वाट न बघता जवळच्या दवाखान्यात ने.

भिंगरीला मावशीकडे मजा करायला चाललो असं सांगू नकोस. जे आहे ते सांग. तिला कळतं.

ताई, ऑक्टोबरात आमच्या कॉलेजात निसर्गाने बरं होण्यावर एक व्याख्यान झालं होतं. त्यानंतर तीन महिने मी वसतिगृहात कुणाला डोकेदुखीची गोळीही घेऊ देत नव्हते. बाकी समोर आलीस की बोलेन.

या वेळी लोभ मागायलाही तोंड नाही.

धाकटी


१ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद, आणि भिंगरीकडून एक पापा. तो तिने कागदावर टेकवला आहे, उजव्या कोपऱ्यात डाग दिसतो तो.

सुखरूप पोचलो. घरात पाऊल टाकल्यापासून ती आल्यागेल्याला एकच गोष्ट सांगते, की माझ्या पोटात दिवा लावला होता. शेजारच्या मुलाने पुरावा मागितला, तेव्हा तिने बाईंनी दिलेला फोटो दाखवला. अळंबीसारखी ती गाठ, देठासकट. तारेच्या फासात धरून ती कशी काढली हे ती दोरा घेऊन करून दाखवते. गाठ घरी न्यायला दिली नाही, प्रयोगशाळेत पाठवली, याचा राग अजून गेलेला नाही.

तुझ्या खोलीवरचा तो दिवस आठवला की मला मशीन चालवताना हसू येतं. दिवसभर नुसतं पाणी आणि गाळलेला रस, आणि वर ते पोट साफ करायचं औषध. तिने तोंड घट्ट मिटलं, तेव्हा ह्यांनी मर्दुमकी गाजवत एक पेला स्वतः पिऊन दाखवला. बघ, काही होत नाही, म्हणाले. आणि मग तुमच्या मजल्यावर एकच संडास! बाप आतून म्हणतोय झालं झालं, लेक दारावर थापा मारतेय, बाबा माझा नंबर आहे. तुझी घरमालकीण अजून बोलते आहे का तुझ्याशी?

तू तुझ्या खिडकीत होतीस, म्हणून एक सांगायचं राहिलं. झोपेपर्यंत आईला आत थांबता येईल असं तुझ्या पत्रकात लिहिलं होतंस, ते मी बाईंना दाखवलं आणि थांबले. औषध देताना भिंगरीने मला विचारलं, “कॅमेऱ्याला मी खाल्लेलं सगळं दिसतं?” मी म्हटलं, आता पोट साफ आहे, काही दिसणार नाही. तेव्हा म्हणाली, “मग ठीक. पेरू मी रोज खिडकीतून टाकायचे.” आणि झोपली. धाकटे, तो पेरू मी आठ महिने निवडून निवडून आणत होते.

आता मुद्द्याचं. ते पत्र मी तुला दिलं ते जाळून टाक. बाईंनी कधीपासून आहे असं विचारलं, आणि हे म्हणाले, “आठ महिने. मी आणि माझी आई पहिल्या आठवड्यापासून दाखवू म्हणत होतो.” मी म्हटलं, मलाच गरज वाटली नाही. तू तोंड उघडलंस तेव्हा मी तुझा पाय दाबला, तो मुद्दामच. त्या पत्राचं घरात कुणालाही ठाऊक नाही आणि होऊही नये. दहावीनंतर मी मशीनवर बसले ते तू शिकावीस म्हणून, आणि या घरात गेली सात वर्षं मी तुझ्या नावावर ताठ मानेने बोलते आहे. उद्या भिंगरीला कॉलेजात घालायचं म्हटलं आणि सासूबाईंनी तेच पत्र पुढे केलं, की बघा शिकलेलीने काय केलं, तर मी काय उत्तर देऊ? माझं काय, माझी पाठ मोठी आहे. दोन बोलणी जास्त बसली तर बिघडत नाही.

काडी लावताना रडू नकोस. काळजी घे, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


४ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. पाइपाला आटे पाडायला सांग, पाडतो. तरी लिहितो आहे, कारण तुझे आभार फोनवर मानले तर तू ऐकून घेत नाहीस.

काल तू अहवाल कळवलास, गाठ साधी निघाली, एकच होती, म्हणून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. रक्त वाढायचं औषध चालू आहे. आज भिंगरी जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या एका पायावर उतरली. मी खाली हात पसरून उभा होतो, तर मला म्हणाली, बाजूला व्हा, मध्ये येता.

आमच्या धंद्यातही हल्ली पाइपात घालायचा कॅमेरा आला आहे. तुमच्या बाईंना विचार, त्यांची नळी वळणावर अडत कशी नाही. आमची अडते. त्यांचा हात चांगला आहे, असं माझ्याकडून सांग. कारागिराला कारागीर ओळखतो.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? तुझ्या ताईला आम्ही आठ महिने सांगत होतो. आई तर पहिल्या आठवड्यात पदर खोचून निघाली होती पोरीला घेऊन. ही दारात आडवी उभी राहिली. का, तर म्हणे गरज वाटली नाही. पोरीचं रक्त बघून आईला गरज कशी वाटत नाही? हे मी तिला परवा तोंडावर बोललो. फार बोललो. ती उठून मशीनवर जाऊन बसली. तेव्हापासून मान खाली घालून मशीन चालवते, जेवायला हाक मारली तर येते, कामापुरतं बोलते. मला ते बघवत नाही, आणि राग सोडवतही नाही.

तू शिकलेली आहेस. तू तिला एक पत्र लिहून समजाव, की पोरीच्या बाबतीत पुन्हा असा हट्ट करू नकोस. आमचं ती ऐकत नाही. तुझं ऐकते.

भिंगरी विचारते मावशी कधी येणार. मीही विचारतो.

तुझे,
भाऊजी


१२ जुलै

ती. सौ. ताईस,

धाकटीचा सा. न. वि. वि. या वेळी खुर्चीतून उठून घातला आहे.

आधी पत्रकाचं सांगते. ते काल छापून आलं. तुझे एकवीसच्या एकवीस शब्द बदलले. ‘शी’ सहा ठिकाणी आहे, आणि कालपासून एकाही आईने नाक मुरडलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही येत नाही, म्हणून मी तसंच लिहिलं आहे: “तुमच्या मुलाला ही तपासणी हवी की नको, हे पत्रक वाचून ठरवू नका. शेजारणीला किंवा घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारून तर मुळीच ठरवू नका. खाली दिलेल्यापैकी काही दिसलं तर मुलाला डॉक्टरांना दाखवा. ते तपासून सांगतील.” मधलं वाक्य वाचून बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे काढू का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, राहू दे, यानेच कुणी तरी वेळेवर येईल. मग त्यांना आठवलं आणि त्या हसल्या: त्या दिवशी खोलीत तू माझा पाय म्हणून जो दाबलास ना, तो आधी त्यांचा होता. माझा तू दुसऱ्या खेपेला दाबलास.

आता त्या पत्राचं. काडी मी पेटवली होती. पण जाळण्याआधी एकदा वाचावं म्हणून वाचायला घेतलं आणि काडीने बोट भाजलं. ताई, त्यात मी लिहिलं आहे, “सासूबाई डॉक्टरांकडे चल म्हणतील, पण तू ठाम राहा. जुन्या माणसांना लगेच भीती वाटते.” ठाम राहा! तू राहिलीस. आजवर माझ्या शब्दाला कुणी इतकं किंवा याच्या निम्मंही मोजलेलं नाही, आणि मी तो शब्द एका व्याख्यानावरून, तुझ्या लेकीला न बघता, कॉलेजातल्या दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत लिहिला. सासूबाई पदर खोचून निघाल्या होत्या आणि त्यांचंच बरोबर होतं.

मग भाऊजींचं पत्र आलं. त्यांनी मला सांगितलं आहे की तू तुझ्या ताईला समजाव, ती तुझंच ऐकते. ते वाचून मी खिडकीची झडप ओढून घेतली आणि दहा मिनिटं आत बसून राहिले. बाहेर लोक ठोठावत होते.

तू म्हणतेस, भिंगरीला कॉलेजात पाठवायचं तर त्या घरात माझं नाव चांगलं राहायला हवं. मी त्यावर पुष्कळ विचार केला. माझं नाव चांगलं राहावं म्हणून भिंगरीच्या आईने मान खाली घालून बसायचं, हे ती रोज बघते आहे. तिला कळतं. पेरूचं तिने आठ महिने कुणाला कळू दिलं नाही, पण तिला स्वतःला सगळं कळत होतं. शिकलेला माणूस चुकतो हे तिने आत्ताच बघितलेलं बरं. चुकल्यावर तो काय करतो, तेही बघू दे. सासूबाई ते पत्र माझ्यासमोर धरतील तेव्हा मी ते त्यांच्याच हातून घेऊन मोठ्याने वाचून दाखवीन. त्यांचं बरोबर होतं हे त्यांना माझ्या तोंडून ऐकायला आवडेल, आणि मग भिंगरीच्या कॉलेजचं मीच बोलेन.

तू रागावशील हे मला माहीत आहे. तू मला लहानपणापासून दोनदाच मारलं आहेस, हे तिसरं. पण तुला आधी विचारलं असतं तर तू पुन्हा माझा पाय दाबला असतास, आणि या वेळी मी गप्प बसलेही असते. म्हणून विचारलं नाही. आठ तारखेला सकाळी, कामावर जाण्याआधी, ते अकरा ऑक्टोबरचं पत्र मी भाऊजींना दुकानाच्या पत्त्यावर रजिस्टरने पाठवून दिलं. सोबत माझ्या चार ओळी: हट्ट ताईचा नव्हता, माझा होता. तिने आठ महिने मला झाकलं, आणि तुम्ही जे बोललात ते मला बोलायचं होतं. आता मान वर कर आणि त्यांनी जेवायला हाक मारली तर दोन शब्द जास्त बोल.

भाऊजींना, सासूबाईंना नमस्कार, भिंगरीला पेरू सोडून काहीही. रागावर उतारा म्हणून थोडा लोभ शिल्लक ठेवला असशील, तर तेवढ्यावर मी येत्या रविवारी येते आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट बंद करता करता टपालवाल्याने रजिस्टरची पोच आणून दिली. तारीख दहा जुलै. खाली भाऊजींची सही आहे, आणि सहीवर ग्रीसचा अंगठा.